नेट नसलेल्या खोलीत झीरो-के

काम तसं छोटं वाटत होतं. लालबागमधल्या आमच्या मंडळाच्या खोलीत सहा संगणक जोडायचे आणि मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना एकमेकांशी खेळता येईल असा एक मुक्त-स्रोत गेम त्यांवर चालू करून द्यायचा. खोलीत इंटरनेट नाही आणि घ्यायचंही नाही, असं ठरलेलं. हे २०२४ सालचं. मार्चच्या शेवटी सुरू केलं ते १ मेला कसंबसं उभं राहिलं. संगणक, वायरी, परवानग्या यांत गेला त्यापेक्षा जास्त वेळ गेम उतरवून घेण्यात गेला. एका छोट्याशा कमांड लाइन डाउनलोडरने (बटणांऐवजी टाइप केलेल्या कमांडवर चालणाऱ्या, फाइली उतरवणाऱ्या अवजाराने) माझे एप्रिलमधले बरेचसे शनिवार खाल्ले. पुढच्या माणसाचे वाचावेत म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय.

मी प्रोग्रॅमर नाही. कॉमर्स केलंय, नोकरी हिशेब तपासण्याची. घरी बरीच वर्षं लिनक्स वापरते, त्यामुळे काळ्या खिडकीची भीती वाटत नाही, इतकंच.

३१ मार्चला रविवारी मंडळाची बैठक होती. माझा विषय अजेंड्यावर शेवटून दुसरा, पाण्याच्या टाकीच्या खाली. चिटणीस काकांनी आधी विचारलं, "गेम म्हणजे ते बंदुका घेऊन माणसं मारतात तेच ना?" मी सांगितलं की यात यंत्रमानव असतात, धातू आणि वीज जमवून कारखाने उभारायचे असतात आणि एका प्रकारात तर सगळ्यांनी मिळून परग्रहावरच्या कोंबड्यांचे हल्ले परतवायचे असतात. कोंबड्यांवर खोली हसली आणि विषय तिथेच मंजूर झाला. अटी मात्र रीतसर लिहून आल्या: वेळ संध्याकाळी पाच ते सात, पालकांच्या सहीचं संमतीपत्र, हजेरीचं रजिस्टर, दोन हजार रुपये अनामत आणि इंटरनेट अजिबात नाही. अर्ज दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर पोचीचा शिक्का घ्या. मी घेतला होता, आणि पुढे खजिनदार बदलल्यावर तोच कामाला आला. निवडणुकीचे दिवस होते, मुंबईचं मतदान २० मेला. अर्धे कार्यकर्ते प्रचारात, त्यामुळे खोलीची किल्ली कोणाकडे आहे हे शोधणं हे रोजचं वेगळंच काम होतं.

संगणकांबद्दल थोडक्यात. तीन मंडळाकडे पडून होते, तीन लॅमिंग्टन रोडवरून घेतले. चौथ्या पिढीचे आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, प्रत्येकी साडेसात हजारांच्या आसपास. मॉनिटर देणगीतले. संगणक एकमेकांना जोडणारा आठ पोर्टचा स्विच अकराशे रुपये, वायर मीटरवर. दुकानदाराकडूनच कनेक्टर क्रिम्प करून घ्या आणि तिथेच टेस्टरवर तपासून घ्या. लालबागला येऊन एक जोडी सैल निघाली की पुन्हा ग्रँट रोड गाठणं आलं. सगळ्यांवर एकच लिनक्स टाकलं, एकाच पेन ड्राइव्हवरून, एकाच आवृत्तीचं. त्याचा फायदा नंतर कळला.

आता गेम. 'झीरो-के' निवडला, कारण तो पूर्ण फुकट आहे, त्याचा कोड जीपीएल परवान्याखाली खुला आहे आणि जुन्या यंत्रावरही बऱ्यापैकी चालतो. तो 'स्प्रिंग' घराण्याच्या इंजिनवर, म्हणजे गेम प्रत्यक्ष चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवर, बसलेला आहे. १९९७ साली आलेला 'टोटल अॅनिहिलेशन' ज्यांनी खेळलाय त्यांना हे घराणं ओळखीचं वाटेल. त्या गेमच्या वेड्या चाहत्यांच्या एका स्वीडिश गटाने मूळ 'स्प्रिंग' इंजिन सुरू केलं, आणि पुढे जगभरच्या हौशी लोकांनी त्यावर वेगवेगळे गेम उभे केले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते आणि ती कोणी आधी सांगत नाही. या घराण्यात 'गेम' नावाची एकच वस्तू नसते. इंजिन वेगळं, गेम वेगळा, नकाशे वेगळे. तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात, तिन्हींच्या आवृत्त्या आपापल्या चालीने बदलतात, आणि खेळायला बसलेल्या प्रत्येक यंत्रावर तिन्ही तंतोतंत सारखे असावे लागतात. कारण असं की जाळ्यावरून प्रत्येक रणगाड्याची जागा पाठवली जात नाही. पाठवले जातात ते फक्त खेळाडूंचे हुकूम. बाकी सगळं युद्ध प्रत्येक संगणक आपापलं मोजतो. गणित शेवटच्या दशांशापर्यंत जुळलं तर सगळ्यांच्या पडद्यावर तेच युद्ध दिसतं. नाही जुळलं तर 'सिंक एरर'.

ज्यांच्याकडे नेट आहे त्यांच्यासाठी हे सगळं लाँचर (गेम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) गुपचूप करतो. बटण दाबा, तो इंजिन आणतो, गेम आणतो, लागेल तो नकाशा आणतो. त्यांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल. मला मात्र सगळं घरी उतरवून, डब्यात भरून लालबागला न्यायचं होतं. म्हणजे कुठली फाइल कुठे बसते हे माहीत हवं. म्हणून इंजिनच्या झिपमध्येच सोबत येणारा 'पीआर-डाउनलोडर' वापरायचं ठरवलं. एकच एक्झिक्युटेबल, खिडकी नाही, बटण नाही.

पाडव्याच्या दिवशी, ९ एप्रिलला, सुट्टी होती. दुपारी श्रीखंड-पुरीनंतर बसले. (कमांड इथे देवनागरीत लिहितेय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.) आधी 'हेल्प' मागितली. पर्यायांची यादी आली, प्रत्येकापुढे तीन-चार शब्द, उदाहरण एकही नाही. 'डाउनलोड-गेम', 'डाउनलोड-मॅप', 'डाउनलोड-इंजिन', 'रॅपिड-व्हॅलिडेट', 'फाइलसिस्टिम-राइटपाथ'. वाचून वाटतं की कळलं. पण 'डाउनलोड-गेम' पुढे नाव काय द्यायचं? 'झीरो-के' दिलं. नाही म्हणाला. स्पेलिंग बदलून, जोडून, तोडून दिलं, तरी नाही.

आणि नाही म्हणायची पद्धत बघा. ओळीच्या सुरुवातीला चौकटी कंसात 'एरर', मग कुठल्याशा सी प्लस प्लस फाइलचा लांबलचक पत्ता, मग ओळ क्रमांक, मग फंक्शनचं नाव, आणि सगळ्यात शेवटी, उजव्या कडेपलीकडे गुंडाळलं गेलेलं, मला कामाचं असलेलं एकच वाक्य: मागितलेलं सापडलं नाही. ज्याने हे अवजार लिहिलं त्याला दुरुस्त करताना त्या ओळीचा उपयोग आहे, हे मान्य. मला त्या फाइलची कोणती ओळ चालली होती याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मला हवं होतं ते 'असं नाव नाही, याच्याशी मिळतीजुळती ही नावं आहेत' एवढं.

उत्तर शेवटी सापडलं ते असं. गेम 'रॅपिड' नावाच्या व्यवस्थेतून येतो आणि तिथे त्याला नावाऐवजी खूणचिठ्ठी असते: 'झेडके', मग अपूर्णविराम, मग 'स्टेबल'. ती दिली आणि टक्के सरकू लागले. नव्या माणसाला ही खूणचिठ्ठी माहीत असायचं काही कारण नाही, आणि हेल्पमध्ये ती मला दिसली नाही. 'स्टेबल'च्या जागी 'टेस्ट' दिलंत तर रोज बदलणारी कच्ची आवृत्ती मिळते. मुलांसाठी नको.

नकाशांची तऱ्हा आणखी न्यारी. नकाशाची फाइल असते 'एसडी-सेव्हन' प्रकारची, म्हणजे आतून सेव्हन-झिप. फाइलच्या नावात सगळी छोटी अक्षरं आणि मध्ये अंडरस्कोअर. साहजिकच आपण तेच नाव देतो. पण अवजाराला हवं असतं नकाशाच्या पोटातल्या 'मॅपइन्फो' फाइलमध्ये लिहिलेलं नाव, मोठी-छोटी अक्षरं, मोकळ्या जागा आणि शेवटचा आवृत्ती क्रमांक यांसकट. शिवाय नावात मोकळी जागा असली की अवतरण चिन्हांत घालायला हवं, नाहीतर शेल (आपली कमांड वाचणारा प्रोग्रॅम) त्याचे तुकडे करतं आणि अवजार पहिल्याच शब्दाचा नकाशा शोधत बसतं. मी शेवटी वहीत एक पान केलं. डावीकडे लोक बोलताना म्हणतात ते नाव, उजवीकडे अवजाराला चालतं ते नाव. नकाशे पाच-दहा एमबीपासून पन्नास-साठ एमबीपर्यंत असतात. आठ-दहा पुरेत. मुलं तशीही दोन-तीन धरून बसतात.

टक्के शंभर झाले. आता फाइल कुठे आहे? ज्या फोल्डरमधून कमांड दिली तिथे काहीच नाही. डाउनलोड्समध्ये नाही. हे महाशय होम फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारं 'स्प्रिंग' नावाचं लपलेलं फोल्डर करून सगळं तिथे टाकतात. विंडोजवर असाल तर डॉक्युमेंट्समधल्या 'माय गेम्स'मध्ये बघा. काम संपल्यावर शेवटच्या ओळीत 'सगळं इथे ठेवलंय' एवढं छापलं असतं तर माझा चहा गार झाला नसता. तुम्ही सुरुवातीपासून प्रत्येक कमांडला 'फाइलसिस्टिम-राइटपाथ' जोडा आणि एकच फोल्डर ठरवून ठेवा. मी त्याला 'डबा' नाव दिलं होतं.

फोल्डर उघडल्यावर दुसरा धक्का. मला एखादी मोठी फाइल दिसेल असं वाटलं होतं. दिसली ती 'पूल' नावाची एक पेटी, तिच्यात शून्य-शून्यपासून एफ-एफपर्यंत २५६ उपफोल्डर, आणि प्रत्येकात आकडे-अक्षरांच्या नावांच्या ढीगभर छोट्या छोट्या जीझिप फाइली. एकाही नावावरून आत काय आहे ते कळत नाही. शेजारी 'पॅकेजेस'मध्ये एक इवलीशी 'एसडीपी' फाइल.

चिडून झाल्यावर यामागचं डोकं कळलं आणि इथे मात्र दाद द्यावी लागते. गेममधली प्रत्येक फाइल तिच्या मजकुरावरून काढलेल्या एमडी-फाइव्ह ठशाच्या नावाने साठवतात. ठशाची पहिली दोन अक्षरं म्हणजे उपफोल्डर, उरलेली तीस म्हणजे फाइलचं नाव. एसडीपी ही फक्त यादी: गेममधलं अमुक चित्र म्हणजे पुलातला तमुक ठसा. नवी आवृत्ती आली की नवी यादी येते आणि जे ठसे तुमच्या पुलात नाहीत तेवढेच उतरतात. बाकी सगळं जुन्यातलंच वापरलं जातं. मधेच नेट गेलं तरी उतरलेल्या फाइली पुलात पडून राहतात.

हे शेवटचं मला फार उशिरा समजलं, आणि ते अवजाराने स्वतः सांगायला हवं होतं. घरी, कांजूरमार्गला, आमच्याकडे संध्याकाळी ब्रॉडबँड लटकायचं. साठ-सत्तर टक्क्यांवर गाडी थांबायची, थोड्या वेळाने एरर. पुन्हा तीच कमांड दिली की टक्के पुन्हा शून्यापासून. मला वाटायचं सगळं पहिल्यापासून उतरतंय, म्हणून मी 'डबा' पुसून नव्याने सुरू करायचे. खरं तर टक्के उरलेल्या कामाचे असतात, आधी झालेल्याचे ते मोजतच नाहीत. तेव्हा काहीही पुसू नका. तीच कमांड पुन्हा द्या, संपेपर्यंत देत राहा. फोनच्या हॉटस्पॉटवर करत असाल तर हे आणखी महत्त्वाचं. रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर आज अर्धं, मध्यरात्रीनंतर उरलेलं असंही जमतं. अर्धवट तुटलेली एखादी फाइल पुलात राहिल्याची शंका आली तर 'रॅपिड-व्हॅलिडेट' चालवा. ते प्रत्येक फाइलचा ठसा पुन्हा काढून नावाशी ताडून बघतं. थोडा वेळ घेतं, पण हिशेब तपासणाऱ्या बाईला यासारखं सुख नाही.

इंजिनसाठी 'डाउनलोड-इंजिन' आहे, पण त्याला आवृत्तीचं पूर्ण नाव लागतं, आणि ते नाव तेव्हा होतं १०५.१.१ नंतर डॅश, मग आणखी एक आकडा, मग जी-पासून सुरू होणारी गिटची (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेची) खूण अशा धाटणीचं. मी त्या फंदात पडले नाही. इंजिनची झिप ब्राउझरमधून उतरवली आणि सहा ठिकाणी तीच उघडली. कमांड लाइनचा अभिमान बाळगायची जागा ही नव्हे.

२० एप्रिलला शनिवारी डबा लालबागला न्यायचा होता. चौसष्ट जीबीचा पेन ड्राइव्ह, साडेचारशे रुपये. कॉपी लावली आणि खिडकी सांगू लागली, उरलेला वेळ दोन तास, मग तीन तास, मग मोजतोय. जागाही भराभर खाल्ली जात होती. कारण पुलातल्या त्या इवल्या फाइली. बत्तीस जीबीहून मोठ्या एक्स-फॅट (ड्राइव्हवर फाइली मांडायची एक पद्धत) ड्राइव्हवर विंडोज ठरवतं तो जागेचा कमीत कमी तुकडा १२८ केबीचा असतो. फाइल दोन केबीची असली तरी ती १२८ अडवते. दहा हजार फाइली धरल्या तर सव्वा जीबी नुसत्या खुर्च्या अडवण्यात. शिवाय प्रत्येक फाइलसाठी ड्राइव्ह नव्याने दार उघडतो-लावतो, त्याचा वेळ वेगळाच. उपाय सोपा आहे: सगळा डबा 'टार' करून एकच मोठी फाइल करा. आतल्या फाइली आधीच दाबलेल्या असल्याने पुन्हा झिप करून फार काही वाचत नाही, नुसतं टार पुरे. माझी टार काही मिनिटांत कॉपी झाली. ड्राइव्ह फॅट-३२ असेल तर चार जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नाही, हेही आधी बघून घ्या.

चिंचपोकळीला धीम्या गाडीने उतरून, किल्ली मिळवून, सहा यंत्रांवर टार उघडायला संध्याकाळ झाली. मंडळातला एक उत्साही मुलगा मदतीला होता. पडद्यावरची पट्टी भरली की तो ड्राइव्ह खेचून पुढच्या यंत्राला लावायचा. दिसायला काम झपाट्याने चाललं होतं.

जोडणी लावायला लॉबीची (खेळाडूंना ऑनलाइन एकत्र आणणाऱ्या खिडकीची) गरज नाही. इंजिनला साधी टेक्स्ट फाइल देता येते. यजमान यंत्रावरच्या फाइलीत 'इजहोस्ट' एक, पोर्ट ८४५२, गेमचं नाव, नकाशाचं नाव, खेळाडूंची यादी. बाकीच्यांच्या फाइलीत फक्त यजमानाचा आयपी पत्ता, तोच पोर्ट, आपलं नाव आणि 'इजहोस्ट' शून्य. फायरवॉल चालू असेल तर ८४५२ हा पोर्ट यूडीपीसाठी मोकळा करा. टीसीपी मोकळा करून काही होत नाही (जाळ्यावरून मजकूर पाठवायच्या या दोन वेगळ्या पद्धती). गेमच्या नावात खूणचिठ्ठी टाकायचा मोह टाळा आणि आवृत्तीसकट पूर्ण नाव लिहा, म्हणजे पुढे एखाद्या यंत्रावर नवी 'स्टेबल' आली तरी गोंधळ नको. हे पूर्ण नाव डब्यातल्या 'रॅपिड' फोल्डरमध्ये खोलवर 'व्हर्जन्स' नावाची जीझिप फाइल असते तिच्यात मिळतं. 'झेडकॅट' या कमांडने उघडून 'ग्रेप'ने खूणचिठ्ठी शोधा. ओळीत स्वल्पविरामांनी तोडलेले चार रकाने असतात: खूणचिठ्ठी, ठसा, कशावर अवलंबून, आणि शेवटी ते नाव. असं नाव शोधायला एखादी सरळ कमांड का नसावी, हे मला अजून कळलेलं नाही.

आणखी एक. इंजिन फाइली शोधताना एकाहून जास्त ठिकाणी बघतं. एखाद्या यंत्रावर कोणी पूर्वी काही टाकलं असेल तर ते जुनंच उचलेल. इंजिन चालवताना 'आयसोलेशन'चा पर्याय द्या, मग ते ठरवलेल्या फोल्डरबाहेर डोकावत नाही. मंडळाच्या तीन जुन्या यंत्रांवर मी हे सरसकट केलं.

२७ एप्रिलला चाचणी. आठवीतली एक मुलगी, जिला सगळ्यात आधी यायचं असतं, ती चौथ्या यंत्रावर बसली. पाच जण आत गेले, हिच्या पडद्यावर इंग्रजीत मोठा परिच्छेद.

"ताई, हा काय निबंध आलाय?"

"वाच बरं."

तिने अडखळत वाचला. सांगत असं होतं की तुमच्याकडच्या नकाशाचा ठसा यजमानाच्या ठशाशी जुळत नाही, उतरवताना फाइल बिघडली असेल किंवा एकाच नावाच्या दोन आवृत्त्या फिरत असतील, दोन्हीकडे तीच फाइल आहे ना ते बघा आणि पुन्हा उतरवून पाहा. दोन्ही ठसेही छापलेले.

"म्हणजे माझा नकाशा खराब आहे," ती म्हणाली.

तिने दहा सेकंदांत निदान केलं. हा निरोप डाउनलोडरचा नव्हे, इंजिनचा. त्याच घराण्यात कोणालातरी असं लिहिता येतं. काय बिघडलं, का बिघडलं असेल, आता काय करा, हे सगळं त्या परिच्छेदात आहे. मग डाउनलोडरच्या वाट्याला फाइलचा पत्ता आणि ओळ क्रमांकच का यावा? लोक म्हणतात कमांड लाइन अवघड असते. मला तो आरोप पटत नाही. टाइप करणं मला कधीच जड गेलं नाही. जड गेलं ते हे की अवजार काय शोधतंय, कुठे ठेवतंय आणि किती झालंय यातलं काहीच धड बोलत नाही. यांवर रंगीत बटणं चढवली असती तरी त्रास तेवढाच झाला असता.

नकाशा बिघडला तो त्या खेचाखेचीत. पट्टी भरली तरी लिनक्स काही मजकूर स्मृतीत धरून ठेवतं आणि सावकाश ड्राइव्हवर उतरवतं. आदल्या आठवड्यात दोन नवे नकाशे ड्राइव्हवर टाकले होते आणि 'इजेक्ट' न करताच ड्राइव्ह निघाला होता. चौथ्या यंत्रावरचा नकाशा नेमका त्या वेळचा. आता नियम केलाय: खिडकीतून 'इजेक्ट' दाबायचं, 'काढायला हरकत नाही' असं आलं तरच हात लावायचा. आणि प्रत्येक नकाशाचा 'एमडी-फाइव्ह-सम' काढून सहाही यंत्रांवर ताडून बघायचा. नकाशा बदलूनही तोच परिच्छेद येत राहिला तर 'कॅश' फोल्डर उडवा. इंजिन आधी काढलेले ठसे तिथे जपून ठेवतं. ते गेलं की पुन्हा मोजतं. पहिल्यांदा सुरू व्हायला थोडा वेळ लागेल, घाबरू नका.

१ मेला, महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन आणि पेढे उरकल्यावर, संध्याकाळी पाचला खोली उघडली. सहा संगणक, दोन पंखे आणि कोणीतरी लावलेली चहाची इलेक्ट्रिक किटली मिळून एमसीबी पडला. खोलीचं वायरिंग जुनं आहे. किटली बाहेर गेली. नंतर इलेक्ट्रिशियनने संगणकांसाठी वेगळी लाइन ओढून दिली, मजुरीसह अठराशे. हा खर्च आधी धरा.

कोंबड्यांचा प्रकार अपेक्षेप्रमाणे सगळ्यांना आवडला. सहा जण एका बाजूला, यंत्राच्या कोंबड्या दुसऱ्या बाजूला. त्यासाठीही टेक्स्ट फाइलमध्ये एआयचा (संगणकाने चालवायच्या खेळाडूचा) एक परिच्छेद घालावा लागतो आणि नाव पुन्हा तंतोतंत लागतं. पालकांपैकी दोघे-तिघे दाराशी उभे राहून बघत होते. एका आजोबांनी 'हे पोल्ट्रीचं काय चाललंय' असं विचारलं आणि शेवटपर्यंत बसून राहिले.

एकंदर हिशेब सांगायचा तर संगणक, स्विच, वायर, ड्राइव्ह आणि वायरिंग मिळून खर्च तीस हजारांच्या आत राहिला. सॉफ्टवेअर शून्य. त्यात माझे शनिवार धरलेले नाहीत. अनामत जूनच्या पहिल्या आठवड्यात परत मिळाली, नव्या खजिनदारांना पोचीची प्रत दाखवल्यावर.

मे महिन्यात गेमची नवी आवृत्ती आलीय असं घरच्या संगणकावर दिसलं. मुलांनी लगेच मागितली. मी दिली नाही. लालबागची सहा यंत्रं दिवाळीपर्यंत आहेत त्याच आवृत्तीवर थांबतील, असं ठरवलं. नवा नकाशा हवा असेल त्याने अवजाराला चालणारं पूर्ण नाव चिठ्ठीवर लिहून रजिस्टरमध्ये ठेवायचं, मी शनिवारी उतरवून आणते. आठवीतल्या त्या मुलीच्या चिठ्ठीवर आवृत्ती क्रमांकही असतो. बाकीच्यांना मी अजून परत पाठवतेय.